सीटी स्कॅनमध्ये मिळालेली रेडिएशनची मात्रा घरच्या घरी कशी काढावी

सीटी स्कॅन झाल्यावर आपण अहवालातला निष्कर्ष तेवढा वाचतो आणि पाकीट कपाटात ठेवून देतो. त्याच पाकिटात, बहुतेक वेळा सीडीवरच्या एखाद्या शेवटच्या चित्रात, त्या दिवशी वापरलेल्या क्ष-किरणांच्या मात्रेची नोंद असते.

सर्वप्रथम हा ‘डोस रिपोर्ट’ शोधावा. सीडीत सापडला नाही, तर स्कॅन सेंटरकडे मागावा. तो यंत्रच तयार करते, त्यामुळे मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. तक्त्यात प्रत्येक स्कॅनची एक ओळ असते. ‘सीटीडीआय’खालचा आकडा किरणांची तीव्रता सांगतो, तर ‘डीएलपी’ म्हणजे ती तीव्रता आणि तपासलेल्या भागाची लांबी यांचा गुणाकार असल्यामुळे आपल्याला हवा तो हाच आकडा. एकूण डीएलपी सहसा तळाशी असतो. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देऊन पोटाचा तोच भाग दोन-तीनदा स्कॅन केला असेल, तर ही बेरीज त्या प्रमाणात फुगते.

आता एकूण डीएलपीला शरीराच्या त्या भागाच्या गुणकाने गुणावे. प्रौढांसाठी हे गुणक डोक्याला ०.००२१, छातीला ०.०१४ आणि पोटाला ०.०१५ असे धरतात. उत्तर मिलिसीव्हर्टमध्ये, म्हणजे किरणांचा शरीरावरचा परिणाम मोजण्याच्या एककात, येते. माझ्या आईच्या मूतखड्यासाठी केलेल्या पोटाच्या स्कॅनमध्ये डीएलपी ५२० होता, म्हणजे मात्रा ७.८ मिलिसीव्हर्ट झाली. डोक्याच्या स्कॅनमध्ये डीएलपी ९०० असला, तरी उत्तर १.९ च्या आसपासच येते, कारण जठर, मोठे आतडे, फुप्फुसे असे किरणांना अधिक संवेदनशील अवयव डोक्यात नसतात. लहान मुलांना मात्र हे गुणक लावू नयेत. त्यांचे गुणक बरेच मोठे असतात, म्हणून तो हिशेब रेडिओलॉजिस्टकडूनच करून घ्यावा.

आलेल्या आकड्याने घाबरून जाऊ नये. जमीन, हवेतला रेडॉन वायू, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. आईच्या स्कॅनची मात्रा म्हणजे अशी सुमारे सव्वातीन वर्षे. छातीच्या साध्या एक्स-रेत हीच मात्रा ०.१ किंवा त्याहून कमी असते. सर्वसामान्य नागरिकांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेली वर्षाला १ मिलिसीव्हर्टची मर्यादा रुग्णाच्या तपासणीला लागू होत नाही, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण ती वाचून आवश्यक स्कॅन टाळणारी माणसे मी पाहिली आहेत.

क्ष-किरण पेशीतील डीएनएचे धागे तोडू शकतात आणि पेशी बहुतेक तुटी स्वतः दुरुस्त करते. एखादी दुरुस्ती चुकली, तर पुढे अनेक वर्षांनी कर्करोगाची शक्यता किंचित वाढते. किरणांपासून संरक्षणाच्या नियमांसाठी ही वाढ १० मिलिसीव्हर्टला साधारण दोन हजारांत एक अशी धरली जाते. हा मोठ्या लोकसंख्येसाठीचा अंदाज आहे, एका माणसाचे भाकीत नव्हे. शिवाय वय जितके कमी, तितका धोका अधिक.

म्हणून पुढचे स्कॅन ठरण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: अलीकडच्या स्कॅनची सीडी चालेल का, आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? या दोन्हींत क्ष-किरण नसतात. आईच्या खड्यावर पुढे सोनोग्राफीनेच लक्ष ठेवता आले. गर्भारपणाची शक्यता असल्यास तसे खोलीत जाण्यापूर्वीच सांगावे, आणि रुग्णाला धरण्यासाठी थांबावेच लागले, तर शिशाचा ॲप्रन घालून शक्य तितके दूर उभे राहावे.

घरातल्या प्रत्येकासाठी वहीचे एक पान ठेवून त्यावर तारीख, शरीराचा भाग, स्कॅनचे कारण आणि एकूण डीएलपी लिहावा. गुणाकार नंतरही करता येतो, पण डीएलपीचा आकडा त्याच दिवशी उतरवून घ्यावा.