एका आकड्याने अनोव्हाचा निकाल फिरला

इंदूरजवळचं शेत, सोयाबीनचे तीन वाण, प्रत्येकी चार वाफे. उत्पादन क्विंटल प्रति हेक्टर.

अ: 18, 20, 19, 19
ब: 32, 21, 23, 22
क: 20, 19, 21, 20

अनोव्हा केली, म्हणजे गटांच्या सरासरींत खरा फरक आहे का ते तपासणारी चाचणी. तिचा एफ (अंशात गटांमधला फरक, छेदात गटांच्या आतला चढउतार) आला 3.81. तक्त्यात 5 टक्के पातळीला (2 आणि 9 स्वातंत्र्यांश, म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या किमतींची संख्या) 4.26 लागतो, म्हणजे वाणांत फरक सिद्ध होत नाही. शेतावरच्या वहीत मात्र 32 च्या जागी 22 होते. तेवढं दुरुस्त केलं आणि एफ थेट 14!

चुकीच्या आकड्याने ब ची सरासरी 22 वरून 24.5 झाली होती, गटांमधलं अंतर वाढलं होतं. मग एफ घसरला कसा? अंश 9.33 वरून 34.33 झाला, म्हणजे पावणेचारपट. पण गटांतर्गत वर्गबेरीज (आकड्यांच्या आपापल्या गटाच्या सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज) 6 वरून 81 वर गेली, तिला 9 ने भागून येणारा छेद 0.67 चा 9 झाला: साडेतेरापट. विचलनाचा वर्ग होतो, त्याचा हा फटका.

आता अनोव्हाआधी प्रत्येक गटाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) काढतोच. इथे ब चं 5.07, बाकी दोघांचं 0.82, चूक तिथेच दिसली असती. सगळेच आकडे किलोत बदलले तर एफ तोच राहतो, निम्म्याच ओळी बदलल्या तर घात. संशयित आकडा वही न बघता खोडूही नका. स्वातंत्र्यांश 9 चे 8 होतात आणि गट असमान होतात.