पाहुणे पक्षी बघायचेत? एक काटेसावर पकडा आणि गप उभे रहा

पक्षी बघायला म्हणून आपण टेकडीवर जातो आणि नुसते भराभर चालत सुटतो, मी पण पहिली दोन वर्षं हेच केलं, पुण्यातली अख्खी वेताळ टेकडी तुडवली आणि दिसल्या काय तर उडून जाणाऱ्या शेपट्या. मग कळलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्ष्यांच्या मागे पळायचंच नाही, फुललेलं झाड शोधायचं, पक्षी आपोआप तिथे येतात.

झाड कुठलं, तर काटेसावर एक नंबर, मग पळस आणि पांगारा. आदल्या संध्याकाळी फिरायला गेलात की हेरून ठेवा, खाली लाल फुलांचा सडा असेल तर समजा हॉटेल चालू आहे. सावरीचं एक पडलेलं फूल उचलून बघा, जाड मांसल पाकळ्या, वाटीसारखा आकार आणि तळाशी चिकट मध. आता त्या वाटीत डोकं घालणाऱ्या पक्ष्याचं तोंड परागांनी माखणारच, साळुंकीचं कपाळ पिवळं दिसलं तर नवीन जात सापडली म्हणून नाचू नका (मी नाचलोय).

सकाळी सात ते नऊ बेस्ट, दहानंतर ऊन चढतं आणि सगळं थंडावतं. सूर्य पाठीमागे ठेवा नाहीतर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. आणि आपल्या टेकड्यांचा खरा फायदा हा की झाड उतारावर खाली असेल तर वरच्या पायवाटेवरून शेंडा थेट डोळ्यासमोर येतो, मान मोडत नाही. दुर्बीण ८ बाय ४२ पुरते, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. पक्षी दिसला की नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांकडे आणायची, खाली बघून दुर्बीण शोधलीत की तो गेला.

सावरीवर सगळ्यात जास्त दंगा भोरड्यांचा, म्हणजे पळसमैनांचा. थवाच्या थवा येतो, भांडतो, अचानक एकदम उडतो, दोन मिनिटांत परत. हे मध्य आशियाकडचे पाहुणे, एप्रिल संपेपर्यंत बहुतेक परत जातात. थंडीत मळकट दिसतात पण पिसांची फिकट टोकं झिजत जातात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो, म्हणून जायच्या आधी सगळ्यात देखण्या. त्याच झाडावर कोतवाल दिसला तर डोळा बघा, लालभडक असेल तर तो राखी कोतवाल, हिवाळी पाहुणा. आपल्या नेहमीच्या कोतवालाच्या चोचीच्या कोपऱ्यापाशी पांढरा ठिपका असतो.

आता अवघड पेपर, वॉर्बलर म्हणजे वटवट्या. ग्रीनिश वॉर्बलर हा चिमणीहून लहान, हिरवट, एक जागी थांबणं माहीतच नाही, आंब्याच्या मोहरात नाहीतर दाट पानांत किडे टिपत असतो. याला डोळ्याने नाही कानाने शोधायचं, 'चि-वी' असा बारीक चिरका आवाज आला की त्या दिशेला बघत रहायचं, वारा नसताना एकच पान हललं तर तिथेच असतो. पहिल्यांदा भुवईची फिकट रेघ दिसली तरी खूप झालं. त्याच्याच खाली सावलीत शेपटी उभी करून टिर्रर्र करणारा छोटा माशीमार, रेड ब्रेस्टेड फ्लायकॅचर, नराचा गळा नारिंगी, हा जरा थांबतो तरी.

वेताळ टेकडी, तळजाई, एम्प्रेस गार्डन, सिंहगडाचा पायथा, सगळीकडे जमतं, पण घराजवळचं झाड असेल तर तेच घ्या, रोज वीस मिनिटं एकाच झाडाखाली. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार मात्र नको, लांबच्या प्रवासाआधी बिचारे खाऊन घेत असतात, त्यांना उगाच भांडायला कशाला लावायचं. आणि टोपी घाला, ऊन लागू नये म्हणून तर आहेच पण सावरीचं ओलं फूल डोक्यावर पडलं की चांगलं लागतं.