झाडीपट्टीतला मालगुजारी वाडा पाहायला जाताना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत तलावाकाठच्या गावी मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, जुना वाडा पाहायला जायचे असेल, तर आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढावे, कारण वाड्याचे वैभव त्या पाण्यावर पिकणाऱ्या धानातूनच उभे राहिले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांपैकी नवेगाव बांधचा तलाव सर्वांत प्रसिद्ध आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. वाडे मात्र बहुधा त्या-त्या घराण्यांकडेच राहिले. पाळीवरून चालताना तुडुम, म्हणजे बांध्यांना (धानाच्या शेतांना) पाणी सोडण्याचे दार, आणि जादा पाणी जिथून वाहून जाते ती सलंग, ही दोन्ही गावातल्या जाणत्या माणसाकडून अवश्य दाखवून घ्यावीत.

वाड्यात माणसे राहतात, हे विसरू नये. गावातल्या ओळखीच्या माणसामार्फत आधी निरोप पाठवावा, जेवणाची वेळ टाळावी, ओसरीवर चढण्यापूर्वी पायताण काढावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘काकाजी’ म्हणून नमस्कार करावा. माजघर व देवघर बोलावल्याशिवाय पाहू नये. छायाचित्रही विचारूनच काढावे. ओसरीवर निवांत बसायला मिळाले, तर सागवानी खांबांचे नक्षीकाम आणि कवेलूंच्या (कौलांच्या) छपराखालचे वासे जवळून न्याहाळावेत. घाईने सगळ्या खोल्या फिरण्यापेक्षा अशा बैठकीत घरच्यांकडून ऐकलेली माहिती कितीतरी मोलाची ठरते.

जाण्याचा उत्तम काळ दिवाळीनंतरचा. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते, दिवसा दंडार हा लोकनाट्याचा प्रकार रंगतो आणि रात्री नाटक होते. झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथे असून तिथल्या नाट्यमंडळांचे प्रयोग होळीच्या सुमारापर्यंत चालतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तलाव आणि वाडा पाहून नाटक न पाहता परतणे मला अपुरे वाटते, कारण या भागाची बोली आणि गाणी अख्ख्या गावासोबत बसून ऐकण्याची संधी तिथेच मिळते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, म्हणून जाड पांघरूण सोबत ठेवावे.

वडसा हे बल्लारशा–गोंदिया रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे. तिथून आडगावी जायचे असल्यास परतीच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी आणि मुक्कामाची सोय अंधार पडण्यापूर्वी पक्की करावी.