रिलॅक्सर मारलेल्या केसांवर स्मूदनिंग करताय? या चुका टाळा

पुण्यात कोंढवा-उंड्री साईडला माझं सलून आहे, आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुली बऱ्याच येतात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी अशी येते की तिने डोक्यावरचा स्कार्फ काढला की मला खालीच बसावंसं वाटतं. रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करायचं कडक केमिकल, आधीच मारलेलं असतं आणि त्यावर कुठूनतरी "स्मूदनिंग" करून आलेली असते. प्रत्येक वेळी चूक तीच, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी काय लावलंय ते नीट न विचारता थायो, म्हणजे स्मूदनिंग-रिबॉन्डिंगमधलं केस सरळ करणारं केमिकल, लावणं. विचारतात तसं सगळेच, पण उत्तर कळत नाही. मी दुसऱ्यांना नावं ठेवत नाहीये, हे मी स्वतः केलंय. सलूनचं तिसरं वर्ष, एक नायजेरियन मुलगी, दिवसाची शेवटची अपॉइंटमेंट. आधी काही केमिकल केलंय का, तर म्हणाली हो, पर्म, पाच महिने झाले. मला वाटलं पर्म म्हणजे आपलं कुरळे करायचं पर्म, त्यात पण थायोच असतं, मग रिबॉन्डिंगचं थायो चालून जाईल. तिकडे नायजेरिया-घानात, अमेरिकेतल्या काळ्या बायकांमध्ये सुद्धा, केस सरळ करायच्या रिलॅक्सरलाच पर्म म्हणतात हे मला कुठे माहीत! स्ट्रँड टेस्ट, म्हणजे एका बटेवर आधी लावून बघणं, ते केलं नाही, कारण पोराला क्लासवरून आणायचं होतं. बारा मिनिटांनी चेक करायला एक बट उचलली तर ती शिजलेल्या शेवयांसारखी हातात लांबतच गेली, सोडली तरी परत आखडेना. धुताना बेसिनच्या जाळीत गोळेच्या गोळे. नवीन उगवलेला केस आणि जुना रिलॅक्सरवाला केस जिथे मिळतात, बरोब्बर तिथून तुटले. शेवटी ट्रिमर फिरवून बोटभर ठेवले. आणि ती पोरगी मलाच सॉरी सॉरी म्हणत होती, नंतर कळलं की तिकडे समोरच्यावर वाईट वेळ आली की चूक कुणाचीही असो, असंच म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

का झालं ते समजून घ्या. केसाची ताकद असते गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या गाठींवर. थायो, म्हणजे अमोनियम थायोग्लायकोलेट, पीएच ९ च्या आसपास, ती गाठ सोडवतं आणि न्यूट्रलायझरमधलं पेरॉक्साइड ती परत बांधतं. रिलॅक्सरमध्ये असतो सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडाच, पीएच १२ ते १४, तो गाठीतला एक गंधक कायमचा काढून टाकतो. ती गाठ थायोने पुन्हा सुटत नाही, त्यामुळे तिथे थायोचा काही फायदा नाही, पण ज्या थोड्या चांगल्या गाठी शिल्लक असतात त्या मात्र ते सोडवून टाकतं, मग केस टिकणार कशावर? केस काढायच्या क्रीममध्ये पण थायोग्लायकोलेटच असतं, फक्त पीएच चढवलेला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रिलॅक्सरच्या डब्यावर "नो लाय", म्हणजे कॉस्टिक सोडा नाही, असं लिहिलेलं असेल तर तो वेगळा प्रकार असं ट्रेनी मुली मला छातीठोकपणे सांगतात. नाही बाई. त्यात दोन गोष्टी मिसळून ग्वानिडिन हायड्रॉक्साइड तयार होतं, तेही कॉस्टिक सोड्याच्याच घरातलं.

माझी सवय अशी की "केमिकल केलंय का" असं विचारतच नाही. डब्याचा फोटो मागवते, नसेल तर विचारते, शेवटी शाम्पूने धुतलं होतं का, गुलाबी फेस पांढरा होईपर्यंत? हो म्हणाली की रिलॅक्सर, विषय संपला, थायोला नाही म्हणते. कस्टमर गेली तर गेली. काहीच नक्की कळलं नाही तर मानेजवळची चिमूटभर बट कापून तिच्यावर आधी थायो लावून बघते, डोक्यावर नंतर.

आता बाकीच्या, भराभर. टचअप करताना रिलॅक्सर मुळापासून टोकापर्यंत ओढू नका, फक्त नवीन उगवलेल्या केसाला, जुन्या लेंग्थला कंडिशनर थापून ठेवा. आठ आठवड्यांच्या आत नाहीच, केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, तेवढ्यात जुन्यावर लागतंच. वेण्या सोडून त्याच दिवशी आली, किंवा टाळू खाजवून आली, तर परत पाठवा. टाळूला आणि कानामागे व्हॅसलिन. झोंबायला लागलं की "अजून पाच मिनिटं" नाही, लगेच धुवायचं, झोंबतंय म्हणजे काम होतंय असं नसतं, टाळू भाजतेय.

आणि ती "मग केराटिन करूया, ते केमिकल नाही"वाली मंडळी. मला सगळ्यात राग यांचाच येतो, रीलमध्ये बघून येतात. अमेरिकेत २०११ मध्ये अशाच एका गाजलेल्या ट्रीटमेंटच्या बाटलीवर फॉर्मल्डिहाइड-फ्री लिहिलेलं आणि आत तेच निघालं, तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-कॉस्मेटिक्सवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, कंपनीला इशाऱ्याचं पत्र धाडलं. २३० डिग्रीची इस्त्री फिरवली की त्या फॉर्मल्डिहाइडचा विषारी धूर कस्टमरच्या आधी तुम्हीच ओढता, दिवसाला चार डोकी असतील तर चार वेळा. मग फॉर्मल्डिहाइड नको म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिडवाले आले. २०२४ मध्ये डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या बाईची केस छापली, तीनदा स्ट्रेटनिंग केलं आणि तिन्ही वेळा किडनीला मार बसला, क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. शिवाय २०२२ च्या अमेरिकन अभ्यासात, ३३ हजारांवर बायका होत्या त्यात, सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर व्हायचा अंदाज स्ट्रेटनर कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघाला. स्ट्रेटनरमुळेच होतो असं त्यातून सिद्ध होत नाही, पण कस्टमरला हे सांगायला काय जातं? मी सांगते. काही जणी तरीही करतात, त्यांचं डोकं.

आधीच घोळ झाला असेल, थायो लावलंय आणि केस लांबतोय, तर कंगवा खाली ठेवा, न ओढता भरपूर पाण्याने धुवा, मग न्यूट्रलायझर. वर अजून प्रोटीन, हेअर बोटॉक्स, मास्क असलं काही थापू नका. जेवढा केस ओला असताना रबरासारखा ताणला जातोय तेवढा गेला, तिला समोर बसवून नीट सांगा, कात्री काढा आणि बिल फाडू नका.