लॅमिनेट, व्हिनिअर आणि पीयू रंग एकमेकांशी कसे जुळवावेत

स्वयंपाकघरातील खालच्या कपाटांना लॅमिनेट, वरच्यांना अ‍ॅक्रिलिक आणि कडेच्या पॅनेलला पीयू (पॉलियुरेथेन) रंग अशी सरमिसळ करायची असेल, तर सर्वांत आधी क्रम ठरवावा. लॅमिनेट आणि अ‍ॅक्रिलिकच्या शीट ठरावीक छटांमध्येच तयार होऊन येतात, पीयू रंग मात्र हवा तसा मिसळून घेता येतो. म्हणून शीट आधी निवडावी आणि तिचा तुकडाच रंगाऱ्याच्या हाती द्यावा, नुसता शेड कार्डावरचा क्रमांक देऊ नये.

त्यानंतर रंगाचे सर्व हात दिलेला, पूर्ण वाळलेला, निदान फूटभर लांबी-रुंदीचा नमुना मागून घ्यावा. हा नमुना ओट्यावर आडवा ठेवून पाहू नये, तर शटर (कपाटाचे दार) जिथे बसणार तिथेच शीटला चिकटून उभा धरावा. एकदा दिवसाच्या उजेडात आणि एकदा रात्री, तिथे कायम राहणाऱ्या दिव्याखाली. दुपारी हुबेहूब जुळलेले दोन करडे रंग 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली, एक हिरवट आणि दुसरा जांभळट, असे फुटून दिसू शकतात, कारण दोहोंतील रंगद्रव्ये वेगळी असतात. (पांढरा रंग सोपा वाटतो, पण सर्वाधिक फसगत त्यातच होते: निळसर पांढऱ्याशेजारी पिवळसर पांढरा मळकट भासतो.)

चकाकीचाही परिणाम लक्षात घ्यावा. मॅट पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे तोच रंग ग्लॉसी शटरवर गडद आणि मॅटवर किंचित फिका वाटतो. गडद रंगांत हा फरक अधिक जाणवत असल्याने तिथे चकाकीही सारखीच ठेवणे बरे.

लाकडाच्या बाबतीत तंतोतंत जुळणीचा हट्ट मी धरणार नाही. अक्रोडाचे व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) उजेडाने कालांतराने फिके होते, चेरीचे गडद होते, आणि शेजारचे लाकडी छापाचे लॅमिनेट त्यांच्याबरोबर बदलत नाही. आज साधलेली जुळणी पुढे बिघडणारच असेल, तर दोन छटांमध्ये स्पष्ट अंतर ठेवावे. थोडक्यात हुकलेला रंग चुकीसारखा दिसतो, तर ठळक फरक मुद्दाम केलेला वाटतो. भरीव लाकूड आणि व्हिनिअर एकच पॉलिश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून पॉलिशचा नमुना दोन्हींवर स्वतंत्रपणे पाहावा.

शीट आणि एज बँड (फळीच्या कडेला लावायची पट्टी) मागवताना संपूर्ण कामाचा माल एकाच लॉटमधून घ्यावा, आणि एखादे शटर पुढे बदलावे लागेल या हिशेबाने एक शीट जास्तीची ठेवावी.