जन्मखुणेवर लेसर उपचार करून घेण्यापूर्वी

जन्मखुणेवर लेसर करावा की नाही हा प्रश्न दुसरा आहे. ती खूण नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हा पहिला. माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्याखालून गालावर उतरलेल्या राखाडी-निळ्या डागाला घरात सगळे लासे म्हणत, आणि शेजारच्या बायका तो ग्रहणाचा दोष मानत. त्याचे वैद्यकीय नाव 'नीव्हस ऑफ ओटा' आहे हे ती 11 वर्षांची झाल्यावर कळले, आणि नाव कळल्यावरच पुढची वाट दिसली.

म्हणून सुरुवात यंत्राच्या जाहिरातीपासून न करता त्वचारोगतज्ज्ञापासून करा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. निदान तिथे करून घेता येते. बाळाच्या कंबरेवरचा निळसर मंगोलियन डाग बहुधा बालपणातच आपोआप फिकट होतो, त्याला हात लावण्याची गरज नसते. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट डाग लेसरने फिकट होतात, पण पुष्कळदा परत येतात. आणि लहान मुलाच्या अंगावर 5 मिलिमीटरपेक्षा मोठे असे 6 किंवा अधिक डाग असतील, तर आधी न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय विकाराची तपासणी हवी. उंचवट्याच्या, केसाळ, काळ्या जन्मखुणेबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण लेसरने वरचा रंग गेला तरी खोलवरच्या पेशी उरतात आणि पुढे त्यांत काही बिघाड झाला तर तो लवकर लक्षात येत नाही. अशी खूण वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर लेसरचा विचार बाजूला ठेवून प्रथम बायोप्सीविषयी, म्हणजे लहान तुकडा काढून तपासण्याविषयी, विचारा. डाग आमच्यासारखा डोळ्याभोवतीचा असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यातील दाबही तपासून घ्या, कारण अशा रुग्णांत काचबिंदूचा धोका असतो.

लेसर काम कसे करतो हे समजले, तर डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अत्यंत अल्प काळ सोडला, तर तो आजूबाजूची त्वचा फारशी न भाजता फक्त रंगद्रव्याला तापवून फोडतो, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी 1983 मध्ये मांडले. फुटलेले कण शरीरातील पेशी हळूहळू वाहून नेतात, म्हणूनच दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवतात आणि एका बैठकीत डाग जात नाही. आपल्या सावळ्या त्वचेसाठी आणि खोल डागासाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग या अत्यल्प झटक्यांत प्रकाश सोडणाऱ्या लेसर यंत्राची 1064 नॅनोमीटर तरंगलांबी सहसा अधिक सुरक्षित मानतात, कारण ती वरच्या थरातील रंगद्रव्यात कमी शोषली जाते. यंत्र कोणते, तरंगलांबी कोणती आणि ते चालवणार कोण, हे तिन्ही प्रश्न विचारायला संकोच करू नका.

पूर्ण डागावर लेसर मारण्यापूर्वी कोपऱ्यातील लहानशा जागेवर चाचणी करून काही आठवडे थांबण्याचा आग्रह धरा. आम्ही प्रथम जिथे गेलो तिथे ही चाचणी टाळली गेली, आणि थोड्याच दिवसांत मुलीच्या गालावर मूळ डागाभोवती तपकिरी काळेपणा उमटला. तो ओसरायला कित्येक महिने गेले, आणि तेवढे महिने तिने आरशात पाहणे सोडले होते.

उन्हाचा हिशेब गोव्यात फार महत्त्वाचा आहे. रापलेल्या त्वचेवर लेसर केला, तर भाजण्याची आणि नंतर काळे पडण्याची भीती वाढते, म्हणून शक्य असल्यास बैठका पावसाळ्यात सुरू कराव्यात. काजूच्या हंगामात दिवसभर बागायतीत राबणाऱ्याने किंवा होडीवर जाणाऱ्याने आपले काम डॉक्टरांना आधीच सांगावे. आणि काजूच्या सालीचे तेल किंवा बिब्बा लावून डाग जाळण्याचा घरगुती उपाय कृपा करून करू नका. त्याने जखम होऊन कायमचा व्रण राहू शकतो.

बैठकीच्या दिवशी बधिर करणारे मलम सुमारे तासभर लावून ठेवतात. हे मलम, विशेषतः मुलांना, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच लावावे. पापणीजवळ काम असेल, तर बुबुळावर धातूचे कवच बसवतात. मग टक् टक् असा आवाज, रबर ताणून सोडल्यासारखा चटका आणि करपलेल्या केसांसारखा वास. त्या जागी क्षणभर पांढुरका थर दिसतो आणि थोड्या वेळात विरून जातो. मुलीने माझे बोट घट्ट धरले होते आणि प्रत्येक टक् बरोबर ती मनात आकडे मोजत होती.

घरी आल्यावर स्वच्छ ओल्या कापडाने गारवा द्या, सांगितलेले मलम लावा आणि खपली नखाने काढू नका. खपली पडेपर्यंत समुद्रस्नान टाळा, आणि शिगमो जवळ आला असेल तर गुलाल चेहऱ्यावर लागू देऊ नका. त्यानंतर किमान एसपीएफ 30 असलेले सनस्क्रीन उन्हात दर दोन तासांनी लावा, सोबत रुंद काठाची टोपी किंवा छत्री ठेवा. ढगाळ दिवशीही हे सोडू नका. फोड, पू किंवा वाढती वेदना दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक बैठकीपूर्वी एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी फोटो काढून ठेवा, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. आम्हालाही तिसऱ्या बैठकीनंतर दोन फोटो शेजारी ठेवले, तेव्हाच तो दिसला.