अवांतर वाचन पुन्हा सुरू करताय? या चुका टाळा

दहावीपर्यंत मी ताटाशेजारी पुस्तक ठेवून जेवायचो आणि आईची बोलणी खायचो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आलो तेव्हा लक्षात आलं, चार वर्षांत अभ्यासाबाहेरचं एकही पुस्तक पुरं झालेलं नाही. दोष मी फोनला देत होतो. फोनचा वाटा आहेच, पण खरी गोम वेगळी निघाली. मी कादंबरीसुद्धा परीक्षेला लावलेली असल्यासारखी वाचत होतो.

हातात पेन्सिल. पेन्सिल घेतल्याशिवाय माझं पान उलटत नव्हतं. ओळीखाली रेघ मारायची, समासात 'महत्त्वाचं' लिहायचं. वीस पानांनंतर कोणी विचारलं असतं तर मुद्दे घडाघडा सांगितले असते, पण गोष्टीतल्या त्या घरात उजेड कुठून येत होता, ते सांगता आलं नसतं. त्यात पुस्तक वाचनालयाचं. काउंटरवरच्या काकूंनी खोडरबर हातात ठेवलं आणि समोरच बसवलं. तेव्हापासून पेन्सिल दप्तरातच राहते.

वर्षाला 50 पुस्तकं. असा संकल्प जानेवारीत केला होता. फेब्रुवारीत मी बारीक पुस्तकं शोधायला लागलो, का तर पानं कमी! पुढे काय झालं ते सांगायला नको.

ठोकळ्यापासून सुरुवात. 'वाचायचंच तर काहीतरी मोठं' या हट्टापायी सहाशे पानांचा ग्रंथ उचलू नका. मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहतो, कॉलेज ठाण्यात. ट्रान्स हार्बरची लोकल, जेमतेम वीस मिनिटांचा प्रवास. घरी परतताना ठोकळा उघडला की ऐरोलीपर्यंत नुसती नाती जुळवायची, कोण कोणाचा मेव्हणा ते. माझ्या आधीचं स्टेशन घणसोली येतं आणि पुस्तक मिटावं लागतं. कथा मात्र तेवढ्या वेळात बसते. (सकाळच्या गर्दीत नव्हे हं. तेव्हा स्वतःचा हात कुठे आहे तेही कळत नाही. दुपारची गाडी धरा.)

माझी गाडी रुळावर आणली ती दिवाळी अंकांनी. मराठीत ही परंपरा 1909 पासूनची, आणि दिवाळी सरली की हेच अंक रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात येतात. एकाच अंकात कथा, प्रवास, कविता, व्यंगचित्रं. कंटाळा आला की पान उलटायचं. अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला नाही म्हणून कोणाला अपराधी वाटत नाही, मग पुस्तकाच्या बाबतीतच का वाटावं? चाळीस पानांत रुचलं नाही तर खुशाल सोडा. हे मला फार उशिरा जमलं. फीचे पैसे भरलेत म्हणून नावडत्या क्लासलाही जाऊन बसायची सवय लागलेली असते ना, ती इथेही आडवी येते.

फुकटच्या पीडीएफ. ग्रुपवर कोणीतरी अख्खं कपाट पाठवतं. आपण उतरवून घेतो आणि उघडत एकही नाही. शिवाय ती चोरीच. त्यापेक्षा वाचनालयाचे सभासद व्हा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे, आणि तुमच्या वसाहतीतही एखादं छोटं वाचनालय सापडेल. तिथे नावडलेलं पुस्तक परत देताना पैसे वाया गेल्याची हळहळ नसते. कपाटापुढे उभं राहून चुकीचं पुस्तक निवडायची चैन करता येते.

खंड पडला की पहिल्यापासून. सबमिशन, व्हायवा, मग पेपर. महिनाभर पुस्तकाला हात लागत नाही, लागणारही नाही. नंतर जिथे खूण असेल तिथून दोन पानं मागे जा आणि पुढे वाचत राहा. एखादं पात्र आठवलं नाही तरी अडत नाही. मी प्रत्येक सेमिस्टरनंतर पहिल्या पानापासून सुरू करायचो. त्यामुळे एका कादंबरीची पहिली साठ पानं मला जवळजवळ पाठ आहेत, आणि पत्र कोणी लिहिलं होतं ते अजून कळलेलं नाही.